कट म्हटल्यानंतरचा आवाज

मी एक जुना कॉलर माईक आहे. मित्रांनो, नाव ऐकून मोठी कल्पना करून घेऊ नका. शर्टाच्या बटणापेक्षाही मी लहान. तोंडावर काळी जाळी, पाठीला चिमटा आणि खाली हातभर तार. तारेच्या टोकाला काड्यापेटीएवढी एक डबी असते, ती माणसाच्या कमरेला बांधतात. मी ऐकतो, डबी ते हवेतून पाठवते आणि दूर कुठेतरी कानांवर हेडफोन लावून बसलेला माणूस ते टिपून घेतो. माझ्या पोटात काहीही राहत नाही. तुमच्या वर्गात इकडचं तिकडे करणारं एखादं पोर असेलच. त्याला तुम्ही चहाडखोर म्हणता. मी आयुष्यभर तेच केलं आणि माझी मात्र पाठ थोपटली गेली.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांब टेबलाशी बायका ओळीने बसत आणि डोळ्याला भिंग लावून काम करत. ज्या बाईने माझ्या छातीत केसाएवढी तार जोडली, तिने तोंडाला फडकं बांधलं होतं, कारण तिच्या श्वासाच्या वाफेनेही माझा पडदा बिघडला असता. काम झाल्यावर तिने फडकं सोडलं, मला ओठांशी धरलं आणि चाचणीसाठी एक ते दहा आकडे म्हटले. मग मला बाजूला ठेवता ठेवता ती शेजारणीला म्हणाली, "पाठ मोडली गं आज." ते वाक्य माझ्यासाठी नव्हतं. तरी मी ते ऐकलं. म्हणजे ही खोड मला जन्मापासूनचीच म्हणायची.

पहिली नोकरी मला एका वृत्तवाहिनीत लागली. मोठमोठ्या माणसांच्या कोटावर मी बसलो. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं मला वाटू लागलं. एकदा एक पुढारी मुलाखत संपवून मला अंगावर तसाच घेऊन स्वच्छतागृहात गेले. तिथे त्यांनी फोनवर आपल्याच पक्षातल्या दोघांचा उद्धार केला. बाकीचे आवाज मी सांगत नाही. यंत्रांच्या खोलीत सगळे पोट धरून हसत होते. एकच माणूस हसला नाही. त्याने हात लांब करून माझं बटण खाली ओढलं.

हा माणूस म्हणजे ध्वनिमुद्रक. सगळे त्याला काका म्हणत. काकांचा एक नियम होता. माणूस समोरून उठला की त्याचा आवाज बंद. "त्याचं त्याच्यापाशी," ते म्हणत. पुढे वाहिनीने नवे माईक घेतले आणि जुने भंगारात काढले, तेव्हा काकांनी मला मागून घेतलं. "याचा कान तयार आहे," असं ते म्हणाले. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात खरं कौतुक होतं, आणि त्याचीच मला आज लाज वाटते.

काका मग सिनेमाच्या कामाला लागले. असाच एक सिनेमा आला. गुन्हेगारीवरचा. दिग्दर्शक तरुण होता, हुशार होता आणि बोलायला इतका गोड की, मुंगीलाही "सरकता का जरा" म्हणेल. त्याला नट नको होते. त्याला खरी माणसं हवी होती, खऱ्या झोपडपट्टीतली. म्हणून आम्ही सगळे एका वस्तीत जाऊन पडलो.

पत्र्याच्या खोल्या, समोरासमोर आलेल्या दोघांतल्या एकाने भिंतीला चिकटावं एवढी गल्ली, दारादारांत पाण्याची पिंपं आणि डोक्यावर विजेच्या तारांचा गुंता. चित्रीकरणाला परवानगी सरकारने दिली होती, पण ती कागदावर. खरी परवानगी मामाने दिली. हा मामा कुणाचाही मामा नव्हता. वस्तीत पाणी कुणाला मिळणार, वीज कुणाला आणि मार कुणाला, हे तो ठरवायचा. त्याचा चेहरा पाहून दिग्दर्शक खूश झाला आणि टोळीच्या म्होरक्याची भूमिका त्यालाच दिली. मामाला अभिनय करावा लागला नाही. उलट "थोडं कमी करा," असं त्याला सांगावं लागे.

बाकीचेही वस्तीतलेच. प्लास्टर करणारा एक गवंडी फौजदार झाला. पूर्वी कधीतरी पोलिसांनी त्याला चुकून धरून तीन दिवस बडवलं होतं. त्यामुळे फौजदार कसा बघतो, कसा थांबतो, कानफटीत मारण्याआधी घड्याळ कसं काढून ठेवतो, हे त्याला तोंडपाठ होतं. पहिल्याच दिवशी तो गणवेश घालून गल्लीत आला आणि त्याच्या सख्ख्या चुलत्याने घाबरून दार लावून घेतलं. आम्ही किती हसलो.

आणि म्होरक्याच्या हातून मारल्या जाणाऱ्या पोराची आई म्हणून दिग्दर्शकाने निवडली इस्त्रीवाली ताई.

गल्लीच्या तोंडाशी एका फळीवर ती कोळशाची इस्त्री चालवायची. चाळिशी उलटलेली, एकटी, मनगटावर भाजल्याचे जुने डाग. आमच्या लोकांचे कपडे तिच्याकडे जात. एका शर्टाची बाही करपली म्हणून कुणी तिला बोललं, तेव्हा तिने त्याला असं काही सुनावलं की, दिग्दर्शक हातातला चहा विसरून ऐकत राहिला.

"ताई, पाठ केलेलं बोलायचं नाही. प्रसंग मी सांगीन, बोलायचं तुमचं तुम्ही," त्याने तिला समजावलं.

"माझं काय बोलू? माझं ऐकतंय कोण?"

"आम्ही आहोत ना."

खोटं कशाला सांगू, ताईला ते आवडलं. आजवर तिला 'किती कपडे' आणि 'कधी देणार' यापलीकडे कुणी काही विचारलं नव्हतं. शिवाय मामानेच सगळ्यांना कामाला लावलं होतं. त्याला नाही म्हटलं असतं, तर 'हिला काय लपवायचंय' असं त्याच्या मनात आलं असतं. आणि ताईला लपवायचं होतं.

तिला एक धाकटा भाऊ होता. वस्ती त्याला धाकटाच म्हणे. दोन वर्षांपूर्वी मामाच्या गोदामामागे एका हमालाचा जीव गेला. तो कसा गेला आणि कुणी घेतला, हे धाकट्याने डोळ्यांनी पाहिलं. पाहून गप्प बसला असता तर आज फळीवर बहिणीच्या हाताखाली कपड्यांना पाणी मारत असता. पण तो चौकीत जाऊन सांगून आला. सकाळी चौकीत जे बोलला, ते दुपारपर्यंत मामाच्या घरी पोचलं. त्याच दिवशी ताईने त्याला वस्तीबाहेर काढलं आणि सगळ्यांना सांगितलं की, तो बोटीवर कामाला लागला, समुद्रापार गेला. ते निम्म्या वस्तीला पटलं. मामाला पटलं नाही, पण त्याने तसं दाखवलं नाही. अधूनमधून फळीशी थांबून तो विचारी, "बोट लागली का नाही अजून कुठं?" आणि हसे.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की, मामा सेटवर आला की ताईची छाती जोरात धडधडते. मी तिच्या गळपट्टीच्या आत चिकटपट्टीने लावलेला असे. मला वाटायचं, नवखी आहे, घाबरते.

आता चूक कुठे झाली ते ऐका, मित्रांनो. मुरलेल्या नटाला ठाऊक असतं की, दिग्दर्शक 'कट' म्हणतो तेव्हा फक्त कॅमेरा थांबतो. माझं काही थांबत नाही. मला थांबवावं लागतं. म्हणून मुरलेला नट कट झाल्यावर आधी मला मुठीत झाकतो आणि मगच कुणाची उणीदुणी काढतो. वस्तीतल्या माणसांना हे कुणी सांगितलं नव्हतं. कट म्हणजे सगळं संपलं, अशीच त्यांची समजूत. एकदा कट झाला की त्यांचे खांदे खाली येत, आवाज मोकळा होई आणि ती खऱ्यासारखी बोलू लागत. टेकमध्ये लाजणारा गवंडी कट झाल्यावर असा बोले की ऐकत राहावं.

दिग्दर्शकाच्या हे लक्षात आलं. तो काकांजवळ येऊन बसला.

"काका, कटनंतर बंद करू नका. चालू राहू द्या."

"त्यांना सांगून?"

"सांगितलं की लाजतील."

काकांनी नकार दिला. दोन दिवस नकारच दिला. तिसऱ्या दिवशी त्यांचा हात बटणाशी गेला आणि तिथेच राहिला. मी त्यांना दोष देतो, पण पुरा नाही. आयुष्यभर पाठ केलेली वाक्यं ऐकून त्यांचे कान विटले होते. खऱ्या बोलण्याची त्यांना तहान होती. आणि मला? मला कोण विचारतं? खरं म्हणजे मीही खुशीत होतो.

त्या दिवशीचा प्रसंग साधा होता. आई पाठमोरी बसून मेलेल्या मुलाच्या शर्टांच्या घड्या करते, एवढंच. चार टेक झाले. मग बाहेर ऊन फिरलं म्हणून दिवे बदलायचे ठरलं. कट झाला. कॅमेऱ्यावर धूळ बसू नये म्हणून कुणीतरी कापड टाकलं आणि सगळे चहाला गेले. खोलीत ताई उरली आणि तिला पाणी द्यायला आलेली तिची शेजारीण.

"धाकट्याचं काही कळलं का गं?" शेजारणीने हळू आवाजात विचारलं.

ताईने दाराकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. कॅमेऱ्याकडे पाहिलं, त्यावर कापड होतं. भिंतीलाही कान असतात म्हणून तिने पत्र्याच्या भिंतीला हात लावून पलीकडे कुणी नाही ना, याचाही अंदाज घेतला. एवढं सगळं पाहिलं तिने. फक्त स्वतःच्या गळ्याशी पाहिलं नाही.

"बोट नाही न् काही नाही," ती म्हणाली. हात घड्या करतच होते. "बंदराच्या मागं जुना बर्फाचा कारखाना आहे ना, तिथं आहे. लाद्या फोडतो. बोटं बघवत नाहीत गं, निळी पडलीत. म्हटलं, दाढी काढू नकोस. नावानं कुणी हाक मारली तर वळू नकोस. तर मला म्हणतो, हाक मारणारं उरलंय कोण, वळू कशाला?"

मग ती रडली. आवाज न करता रडणं कसं असतं, ते तुम्हाला बाहेरून कळत नाही. मला कळतं. छातीच्या हाडातून तो आवाज येतो. मी तो जसाच्या तसा पुढे पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिग्दर्शकाची मदतनीस हातात कागद घेऊन आली. आज ताई घड्या करताना शेजारणीशी बोलेल, असं तिने सांगितलं आणि काय बोलायचं ते वाचून दाखवलं. बंदर, बर्फाचा कारखाना, निळी बोटं, हाक. फक्त भावाच्या जागी मुलगा होता, आणि तो मेलेला नव्हता, लपलेला होता. गोष्टच बदलली होती. ताईच्या छातीतला ठोका एक क्षण चुकला. मग ती उठून थेट दिग्दर्शकाकडे गेली.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

दिग्दर्शकाने हसून माझ्याकडे बोट दाखवलं. "यानं. ताई, काल जे बोललात ना तुम्ही, ते सोनं आहे."

"म्हणजे हा कट म्हटल्यावर पण चालू असतो?"

"असतो."

"मग तुम्ही कट म्हणता ते कुणाला?"

 ताईने गळपट्टीत हात घालून मला ओढून काढलं, चिकटपट्टीबरोबर कातडीही सोलली असेल, आणि शर्टांच्या ढिगाखाली कोंबलं. पुढचं बोलणं मला कापडाच्या आठ थरांखालून ऐकू आलं.

"तो माझा सख्खा भाऊ आहे. हे गोष्टीतलं नाही. कुणाच्या कानावर गेलं तर त्याच्या जिवावर बेतेल. पुसून टाका."

"ताई, शपथ. मला कल्पना नव्हती."

"आता आली ना?"

"आली. तुमच्या मर्जीशिवाय काही होणार नाही. आपण कारखाना बदलू. वीटभट्टी म्हणू. बंदर नको, टेकडीमागं म्हणा. चालेल?"

ताईने विचार केला. वीटभट्ट्या जगात कुठेही असतात. ती तयार झाली. काम सोडून गेली असती तर मामाने कारण विचारलं असतं. सेटच्या दाराशी खुर्ची टाकून तो तेव्हाही बसला होता, दाढीला रंग लावून घेत. ताईने वीटभट्टीचे अकरा टेक दिले. प्रत्येक टेकमध्ये ती अडखळली. खोटं बोलायची तिला सवय होती, पण ती मामासमोर. कॅमेऱ्यासमोर तिला ते जमेना.

त्या वेळी दिग्दर्शक मनापासून बोलला होता, असं मी आजही मानतो. पण मन आणि संकलनाची खोली यांच्यात चार महिने गेले. त्या खोलीत ताई नव्हती. तिथे फक्त तिचे दोन आवाज होते, एक खरा आणि एक वीटभट्टीचा. मी काकांच्या पेटीत, झाकण उघडं, टेबलावर पडलो होतो.

"बाईंना शब्द दिलाय आपण," काका म्हणाले.

"ठाऊक आहे. पण हा ऐका, आणि हा ऐका. तुम्हीच सांगा."

दोन्ही आवाज लावले गेले. ते शेजारी शेजारी ऐकल्यावर बहिऱ्यालाही निवड करता आली असती.

"ती पाठमोरी आहे. ओठ दिसत नाहीत. अगदी बरोबर बसतो," दिग्दर्शक म्हणाला. "आणि काका, सिनेमा आहे हो हा. शंभर माणसं मरतात त्यात. लोक म्हणतील, काय लिहिलंय! हे खरं आहे असं कुणाच्या स्वप्नात तरी येईल का?"

बरोबरच होतं ते. जगात फक्त एका माणसाला ते खरं वाटणार होतं.

काका गप्प बसले. मौन म्हणजे संमती, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? मग त्यांनी पुढे वाकून त्या आवाजातली पंख्याची घरघर साफ केली, तिचा श्वास किंचित वर आणला आणि बर्फाचा कारखाना हे शब्द अगदी स्पष्ट केले. काम चोख करायचं, ही त्यांची सवय.

आठवडाभराने मामाला ध्वनिशाळेत बोलावलं. त्याचं एक वाक्य वाऱ्याने खराब झालं होतं, ते पुन्हा म्हणायचं होतं. त्याचं वाक्य आईच्या प्रसंगाला लागूनच होतं. अशा कामात चित्र थोडं आधीपासून चालवतात, म्हणजे बोलणाऱ्याला लय सापडते. काकांनी चित्र आधीपासून चालवलं. खोलीत ताईचा आवाज घुमला. बंदराच्या मागं जुना बर्फाचा कारखाना आहे ना.

मामाची पाळी आली आणि गेली. तो बोललाच नाही.

"चुकलं," मामा म्हणाला. "परत लावा ना. ताईपासून लावा."

काकांनी परत लावलं.

"अजून एकदा."

काकांनी आणखी एकदा लावलं. या वेळी मामा आपलं वाक्य अगदी बिनचूक बोलला. जाताना त्याने दारात थांबून हेडफोन परत दिले. "छान बोलते हो ताई आमची," तो म्हणाला. "मनापासून."

 काकांना धाकटा ठाऊक होता, मामाही ठाऊक होता. फक्त दोघांच्या मधलं वैर ठाऊक नव्हतं. ताईने कुणापासून लपवायचं आहे ते सांगितलं नव्हतं आणि यांनी ते विचारलं नव्हतं. तरी काहीतरी बोचलं असावं. त्यांनी ताईला निरोप पाठवायचं ठरवलं. मग सिनेमाच्या कामाची धांदल उडाली, आणि मित्रांनो, धांदल हे फार सोयीचं कारण असतं.

पहिला खेळ एका मोठ्या चित्रपटगृहात, दुपारी तीन वाजता होता. सिनेमा कसा घडला यावर एक छोटी फिल्म काढायची होती, त्यासाठी वस्तीतल्या कलाकारांच्या चेहऱ्यांवरचा आनंद टिपायचा होता. म्हणून काकांनी मला पुन्हा ताईला लावलं. ताईने स्वतःच्याच इस्त्रीने कडक केलेला नवा पोशाख घातला होता. "बंद केव्हा होणार हा?" तिने विचारलं. "तुम्ही म्हणाल तेव्हा," काका खाली बघत म्हणाले. मामा पहिल्या रांगेत, कोटाला फूल लावून बसला होता.

दिवे मालवले. गवंडी फौजदार पडद्यावर आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ताईही हसली. मग घड्या करणारी पाठ आली. ताई पुढे सरकून बसली, वीटभट्टी ऐकायला.

तिचा खरा आवाज हजार माणसांवरून फिरला. आजूबाजूला लोक नाकं ओढू लागले. माझ्याखाली तिची छाती इतकी शांत झाली की, मला वाटलं, तार तुटली. पहिल्या रांगेतून मामा मागे वळला. त्याने अंधारात तिला शोधलं आणि दोन्ही हात जोडून, कौतुकाने मान डोलावली.

ताई उठली. बरोबर आलेल्या शेजारणीच्या हातातला फोन घेऊन ती जिन्यात आली. बर्फाच्या कारखान्याच्या कार्यालयाचा फोन नंबर तिला पाठ होता. तो दाबायच्या आधी तिने गळ्याशी हात नेला, मला चिमटीत धरलं आणि माझ्या जाळीशी तोंड आणलं.

"खरं हवं होतं ना तुम्हाला?" ती म्हणाली. "ऐका आता."

तिने मला काढलं नाही. फोन माझ्याजवळ धरला. पलीकडे कुणी कारकून होता, पाठीमागे यंत्रांचा खडखडाट.

"दाढीवाला ना? तो गेला की बाई दुपारीच. सिनेमावाल्यांची गाडी आली होती. दोघं होते. ताईनं बघायला बोलावलंय म्हणाले. सिनेमाच्या निमंत्रणाचं कार्ड पण दाखवलं, त्यावर फोटो होता बाईंचा."

"आणि गेला तो?"

"आधी तर कामातच होता. त्यांनी फाटकातून हाक मारली. आमच्याकडं याचं नाव दुसरंच लागलंय, पण हा लगेच वळला. केवढा हसला! तोंड धुतलं, माझाच शर्ट मागून घातला आणि गेला. का, पोचला नाही का?"

 एवढ्यात दाराबाहेर थांबलेला छोट्या फिल्मचा कॅमेरावाला पुढे आला. "ताई, कसं वाटलं स्वतःला पडद्यावर बघून?" त्याने विचारलं.  वरच्या खोलीत काका हे सगळं ऐकत होते. ते जिना उतरून धावत आले, आणि तिच्यापासून चार पायऱ्यांवर त्यांचे पाय थांबले.

धाकटा सापडला नाही. तक्रार लिहून घेतली गेली. त्या दुपारी तीनपासून सहापर्यंत मामा चित्रपटगृहात हजार लोकांबरोबर बसला होता, त्याचे फोटो होते. काका चौकीत जाऊन सांगून आले की, त्याने तो आवाज तीनदा ऐकला. अधिकारी म्हणाला, "आवडलं म्हणून परत ऐकलं, यात गुन्हा कोणता? मीही दोनदा बघितला सिनेमा." ताईने तो प्रसंग काढून टाका म्हणून दिग्दर्शकाकडे माणूस पाठवला. दिग्दर्शक खूप रडला म्हणतात. पण सिनेमा तोवर गावोगाव गेला होता. पुढे मुलाखतींत तो म्हणू लागला की, आम्ही वस्तीला आवाज दिला. मामाला आणखी दोन सिनेमे मिळाले. आणि उत्तम ध्वनीचं पारितोषिक आमच्या सिनेमाला मिळालं, त्या घड्यांच्या प्रसंगाचा खास उल्लेख होता. काका ते घ्यायला गेले नाहीत. त्यांनी काम सोडलं.

मी दीड वर्ष खणात पडून होतो. मग एकदा कुणाला तरी दाखवायला म्हणून काकांनी मला शर्टाच्या खिशात घातलं आणि तिथेच विसरले. तो शर्ट इतर शर्टांबरोबर इस्त्रीला गेला. काका अजून तिच्याकडेच कपडे टाकतात. फळीसमोर उभे राहतात, "ताई, बरी आहेस ना?" असं विचारतात. ताई बोटांनी कपड्यांची संख्या दाखवते. काकांशीच नाही, ती कुणाशीच बोलत नाही. शेजारणीशीही नाही. सुरुवातीला लोकांना वाटलं, दुःखाने वाचा गेली. वाचा गेलेली नाही. ती वापरायची नाही, असं तिने ठरवलं आहे.

त्या दिवशी मी पाहिलं. शर्ट फळीवर घेतला की ती आधी त्याची कॉलर उलटी करते आणि आतून बोट फिरवते. मग बाह्या चाचपते, मग खिसा. प्रत्येक शर्टाचं तसंच. मी तिच्या बोटाला लागलो. तिने मला तळहातावर घेतलं. तिच्या कोपराशी इस्त्री तापून लाल झालेली होती. मी म्हटलं, ठेव ती माझ्यावर. उपकार होतील. पण तिने जुन्या कागदाचा चौकोन फाडला, माझी तार नीट गुंडाळली, मला त्यात बांधलं आणि शर्टांच्या गठ्ठ्यावर ठेवून दिलं. लोकांची वस्तू लोकांना परत करायची, ही तिची रीत.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी सांगतात की, आमची निगा राखा. मी ते सांगणार नाही. माझी जाळी पुसू नका, तार जोडू नका. निगा राखायची असेल तर जो माणूस कुणी ऐकत नाही असं समजून बोलतो आहे, त्याची राखा. त्याला आधी सांगा की, मी ऐकतोय. तो गप्प बसला तर बसू द्या. आणि तरीही बोललाच, तर ते तुमच्यापाशी ठेवा, मग ते सोन्यासारखं का असेना. मला ते ठेवता येत नव्हतं, तशी माझी घडणच नव्हती. काकांना येत होतं.

काकांनी घरी येऊन ती पुडी सोडली. आत मी होतो. कागद त्यांनी उलटसुलट करून पाहिला, तिने काही लिहिलं आहे का म्हणून. कागद कोरा होता.